दहा विट्या, वीस सेकंद

पट्टणकुडे बाईंनी स्टॉपवॉच माझ्या नाकासमोर धरलं.

"तेवीस," त्या म्हणाल्या. "बाकीच्या सहा कॉम्प्युटरवर वीस, आणि ह्या सातव्यावर तेवीस. तीनदा मोजलं."

"बाई, तो कॉम्प्युटर बघा ना जरा. तो सुरू होतो हेच नशीब समजा."

"मी कॉम्प्युटरचं विचारत नाही, निनाद. तुझ्या इंजिनाचं विचारतेय."

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. कोल्हापुरात राजारामपुरीत, वह्या-पुस्तकांच्या एका दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. माणसं चार. आम्ही मुलांसाठी खेळ बनवायचो. ब्राउझर उघडला, पत्ता टाकला की खेळ सुरू, वेगळं काही बसवायला नको. त्या खेळांचं इंजिन मी लिहिलेलं होतं आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. इंजिन म्हणजे खेळणाऱ्याला न दिसणारा भाग. विटी किती वर उडाली, केव्हा खाली येणार, मुलानं कळ कधी दाबली, हे सगळं ते बघतं आणि सेकंदाला जमतील तितकी चित्रं काढून पडद्यावर टाकतं. चांगल्या कॉम्प्युटरवर साठ चित्रं, जुन्यावर वीस-पंचवीस. चित्रं कमी पडली तरी विटीला खाली यायला लागणारा वेळ बदलता कामा नये, सगळी मेख तिथं असते.

पट्टणकुडे बाईंनी बावीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला होता. क्लास बंद पडल्यावर त्या आपले सात जुने कॉम्प्युटर घेऊन आमच्याकडे आल्या. प्रत्येक खेळ सातही कॉम्प्युटरवर आणि तीन-तीन ब्राउझरमध्ये चालवून बघायचा, हे त्यांचं काम. आमच्या विटीदांडूत विटी दहा वेळा उडवली की बरोबर वीस सेकंद व्हायला हवेत. बाई हातात स्टॉपवॉच घेऊन मोजायच्या, बरोबर असेल तर निळ्या शाईनं लिहायच्या आणि नसेल तर लाल.

"ते मुद्दाम केलंय," मी म्हणालो. "एखादं चित्र यायला एक दशांश सेकंदापेक्षा जास्त उशीर झाला, तर तेवढाच वेळ गेला असं इंजिन धरून चालतं. नाहीतर विटी एकदम जमिनीत घुसायची. अगदीच रडतखडत चालणाऱ्या कॉम्प्युटरवर खेळ जरा सावकाश होतो, एवढंच. असला कॉम्प्युटर आहे कुणाकडे?"

"माझ्याकडे आहे."

"तुमच्याशिवाय?"

"नाचता येईना, अंगण वाकडं," बाई म्हणाल्या आणि तेवीसचा आकडा लाल शाईत लिहून मोकळ्या झाल्या. मी हसलो आणि आलेल्या पाहुण्यांना माझं वडाचं झाड दाखवायला गेलो. खेळात मैदानाच्या कडेला एक वड होता. त्याला चारशे बारा पानं, प्रत्येक पान आपापलं हलायचं आणि प्रत्येकाची वेगळी सावली पडायची. ऑफिसात येणाऱ्या माणसाला मी पाण्याच्याही आधी ती पानं दाखवत असे.

त्या वर्षी जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांचे सामने भरवणाऱ्या एका मंडळानं आमचा विटीदांडू स्पर्धेला घेतला. मंडळाचे सचिव नाडगोंडे सर. ड्रिलमास्तर म्हणून निवृत्त झालेले, पण आवाज अजून मैदानातलाच. चाळीस शाळांतून बारा मुलं अंतिम फेरीत आली. प्रत्येकानं आपल्याच शाळेच्या कॉम्प्युटरवर बसून खेळायचं, सगळ्यांनी एकाच वेळी. प्रत्येकाला दहा विट्या, आणि विटी जितके दांडू लांब जाईल तितके गुण.

पहिली आली आजरा तालुक्यातल्या पांगिरवाडीची सुप्रिया घेवदे, आठवीतली. तीनशे ऐंशी दांडू. दुसरा आलेला शहरातल्या एका बड्या शाळेचा मुलगा, तीनशे पाच. पेपरात तिचा फोटो आला आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खेड्यातली पोर, मोडका कॉम्प्युटर, तरी शहराला भारी पडली, आणि इंजिन कुणाचं? तो फोटो कापून मी टेबलाच्या काचेखाली ठेवला.

चौथ्या दिवशी नाडगोंडे सरांचा फोन आला.

"कारदगे, त्या दुसऱ्या आलेल्या मुलाच्या शाळेनं तक्रार केली आहे. म्हणतात, पांगिरवाडीचा कॉम्प्युटर मंद, म्हणून तिथं खेळच मंद चालला. विटी सावकाश पडत असेल तर कुणीही मारेल. खरं आहे का हे?"

"अशक्य, सर. शंभर कॉम्प्युटर आणा, विटी सगळीकडे एकाच वेगानं पडणार. हवं तर लेखी देतो."

"द्या लेखी," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी मान वर केली तर बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या.

"तेवीस," त्या एवढंच म्हणाल्या.

तोंडात मारल्यासारखं झालं. ती लाल नोंद मी साफ विसरलो होतो. विसरलो होतो म्हणजे काय, लक्षात ठेवण्याच्या लायकीची आहे असं मला वाटलंच नव्हतं.

"पांगिरवाडीचा कॉम्प्युटर इतका काही जुना नसेल," मी म्हणालो.

"नसेल. उद्या जाऊन बघू."

सकाळच्या एसटीनं आजरा आणि तिथून वडापच्या जीपनं पांगिरवाडी. शाळेचे मगदूम सर आम्हाला घ्यायला फाट्यावर आले होते. त्यांना वाटलं, आम्ही सत्काराला आलोय. त्यांनी हार आणून ठेवला होता. कॉम्प्युटरची खोली म्हणजे प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात ओढलेला एक पडदा, त्यामागे एक कॉम्प्युटर आणि त्यावर विणलेलं झाकण. सुप्रिया शेजारी उभी होती. सडपातळ, दोन वेण्या, आणि समोरच्या माणसाकडे थेट बघायची सवय.

मगदूम सर चहा सांगायला बाहेर गेले तेवढ्यात बाईंनी खेळ लावला. दहा विट्या उडवल्या. स्टॉपवॉच बघितलं, मला दाखवलं नाही, पुन्हा दहा उडवल्या. मग वही माझ्याकडे सरकवली. अठ्ठावीस. लाल शाईत, खाली दोन रेघा.

वीसच्या जागी अठ्ठावीस. त्या कॉम्प्युटरवर सेकंदाला जेमतेम सात चित्रं निघत होती आणि प्रत्येक चित्रागणिक माझं इंजिन थोडा थोडा वेळ गिळत होतं. तक्रार खरी होती. ही गोष्ट जगात दोनच माणसांना माहीत होती, आणि त्यातल्या एकीनं पेनाला टोपण लावलं.

"लेखी काय द्यायचं ते तू ठरव," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

खोटं सांगत नाही, मी हिशेब करून पाहिला. इंजिन रात्रीतून दुरुस्त करता आलं असतं. मग कुणीही येऊन मोजलं तरी वीसच भरले असते. मुलीचा नंबर राहिला असता, माझं नाव राहिलं असतं, कुणाचंच वाईट झालं नसतं. मी वर बघितलं तर सुप्रिया वहीतला आकडा वाचत होती.

"सुप्रिया," मी म्हणालो, "माझी एक चूक झालीय. तुमच्या ह्या कॉम्प्युटरवर माझा खेळ सावकाश चालतो. म्हणजे तुला विटी मारायला इतरांपेक्षा जास्त वेळ मिळाला."

ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं नुसती मान हलवली.

"मला म्हाईत हाय सर. मी लिवलं हुतं की तुमाला."

"कधी?"

"स्पर्धेच्या आदी. तितं 'तुमचं मत सांगा' असं खोकं हाय न्हवं, त्यात. तुमचा जबाब बी आला हुता."

"काय आला होता?"

"आपल्या अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार," ती शाळेतल्या कवितेसारखं एका दमात म्हणाली.

तो जबाब मशीन पाठवत होतं. मतांच्या त्या खोक्यात साडेतीनशे चिठ्ठ्या पडल्या होत्या, आणि मी त्यातल्या 'लई भारी' आणि 'झाड एक नंबर' एवढ्याच वाचल्या होत्या. लॅपटॉप उघडून शोधलं. सापडली. स्पर्धेच्या तीन आठवडे आधीची तारीख होती. 'आमच्या शाळेत विटी हळू पडते. मामाच्या मोबाईलवर लवकर पडते. बरोबर कुठलं?'

माझ्या इंजिनाबद्दल आजवर कुणी विचारलेला तो सगळ्यात शहाणा प्रश्न होता आणि तो आठवीतल्या मुलीनं विचारला होता. मी लाजेनं चूर झालो. शहरातल्या ऑफिसात बसून मी एवढा सोपा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता.

मगदूम सर चहा घेऊन आले आणि आमचे चेहरे बघून दारातच थांबले. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला.

"म्हणजे चूक तुमची आणि नाव जाणार आमच्या पोरीचं," ते म्हणाले. "तिच्या आज्ज्यानं पेपरातला फोटो फ्रेम करून लावलाय, साहेब. आता त्याला काय सांगू मी? पोरीनं लबाडी केली?"

त्यांचं बरोबर होतं. उत्तर सुप्रियानं दिलं.

"सर, परत खेळू दे की मला. बरुबर करून द्या म्हणावं, आन् मग समद्यास्नीच परत खेळू दे."

शाळेच्या रेघी कागदावर मी तिथंच पत्र लिहिलं. इंजिन चुकीचं आहे, चूक माझी एकट्याची आहे, पट्टणकुडे बाईंनी ती मला आधी दाखवली होती आणि स्पर्धकानंही तीन आठवडे आधी स्वतःहून कळवली होती, मी दोघींचंही ऐकलं नाही. दहा दिवसांनी बाराही मुलांची फेरी परत घ्यावी. पत्र फोनवर वाचून दाखवलं तेव्हा नाडगोंडे सर म्हणाले, "हे मी सगळ्या शाळांना पाठवणार आहे, कारदगे. जसंच्या तसं."

"पाठवा, सर."

"हं," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्या मुलीला सांगा, मंडळाकडे तिच्या नावावर लबाडीचा डाग नाही. माझ्या सहीनं कळवतो."

नाडगोंडे सरांच्या सहीचं ते पत्र मगदूम सरांनी स्वतः जाऊन आज्ज्याला वाचून दाखवलं. फोटो भिंतीवरच राहिला.

दुरुस्ती तशी तासाभराची होती. चित्र यायला उशीर झाला की तेवढा वेळ टाकून द्यायचा नाही. त्याचे बारीक तुकडे पाडायचे आणि विटीला एकेका तुकड्यानं पुढं न्यायचं. कळ दाबल्याचा क्षणही पुढच्या चित्राची वाट न बघता जिथल्या तिथं धरायचा. बाईंनी मोजलं. वीस. पुन्हा वीस. मी खुशीत सुप्रियाला खेळायला बसवलं.

एकसष्ट दांडू.

"विटी दिसतच न्हाई सर," ती म्हणाली. "नुसती उड्या मारत्या. आत्ता हितं, मग एकदम तितं."

आता वेळ खरा झाला होता, पण चित्रं सातच्या सातच. आधी माझ्या इंजिनानं तिला फुकट वेळ वाटला होता. आता न्यायाच्या नावाखाली तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधत होतं. शहरातल्या मुलाला साठ चित्रं आणि हिला सात, याला बरोबरी म्हणत नाहीत.

"मंडळाला सांगून चांगला कॉम्प्युटर मागवू," मी म्हणालो.

"आन् पाठीमागनं बाकीच्या पोरांनी खेळायचं कशावर?" सुप्रियानं विचारलं.

मी कोल्हापूरला परत गेलोच नाही, बाईही थांबल्या. मगदूम सरांकडे मुक्काम ठोकला, लॅपटॉप बाजूला ठेवला आणि त्या एका कॉम्प्युटरसमोर आठ दिवस बसलो. स्वतःच्या नव्या कॉम्प्युटरवर प्रत्येकाचंच इंजिन वाघ असतं. शाळा सुटली की सुप्रिया यायची, खेळायची आणि न विचारता सांगायची.

"ही पानं कशापायी हलत्यात सर?"

"छान दिसतात म्हणून."

"विटीकडं बघायचं का पानांकडं?"

बाईंना हसू आवरेना. मी वड पुसला. चारशे बारा पानं आणि त्यांच्या सावल्या, दोन महिन्यांची मेहनत, एका ओळीत गेली. चित्रं सातावरून चौदा झाली. मग ढग गेले, मागचा डोंगर एकदाच काढून ठेवला, मैदानाचं चित्र थोडं लहान केलं. बाईंनी पेनड्राइव्हवरून दुसरा ब्राउझर आणून बसवला. तोच कॉम्प्युटर, तोच खेळ, आणि नुसत्या ब्राउझरच्या बदलानं पाच चित्रं वाढली. त्या दिवशी सुप्रियाचा स्कोअर एकशे नव्वद झाला. शेवटच्या दिवशी मोजलं तेव्हा सेकंदाला सव्वीस चित्रं निघत होती आणि विटी गुळगुळीत खाली येत होती. बाईंनी सव्वीसचा आकडा निळ्या शाईत लिहिला. मी इतक्या वर्षांत अनेक गोष्टी केल्या, पण एखाद्या आकड्याकडे बघून छाती अशी भरून आली नाही.

फेरीच्या दिवशी मी आणि बाई पांगिरवाडीतच होतो. नाडगोंडे सरांनी ड्रिलमास्तरला शोभेल अशी शिस्त लावली होती. खेळ सुरू व्हायच्या आधी बाराही शाळांच्या शिक्षकांनी आपापल्या कॉम्प्युटरवर दहा विट्या उडवायच्या, मोबाईलवर वेळ मोजायचा आणि बाराही शाळा जोडलेल्या एकाच फोनवर सगळ्यांना सांगायचा. मगदूम सरांनी आपला फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. एकेक आवाज येत गेला. गडहिंग्लज, वीस. चंदगड, वीस. शिरोळ, वीस. कुणाकडे मागच्या वर्षीचा कॉम्प्युटर, कुणाकडे दहा वर्षांपूर्वीचा, ब्राउझर तर पाच तऱ्हेचे. वीस, वीस, वीस. तक्रार करणाऱ्या शाळेचे शिक्षक अकरावे होते. त्यांनी दोनदा मोजलं. "वीस," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "बरोबर आहे."

मगदूम सरांनी स्वतः मोजलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "पांगिरवाडी, वीस."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, कारण माझीही तीच गत होती.

सुप्रिया खेळायला बसली. खोलीच्या खिडकीत अर्धी शाळा लटकली होती. पहिल्या दोन विट्या तिनं हलक्या मारल्या, तिसरी हुकली. मग ती जी लागली ती लागलीच. नववी विटी मैदानाच्या पार टोकाला गेली. दहावी तिनं किंचित लवकर मारली. ते तिला आमच्या आधी कळलं, कारण विटी जमिनीवर टेकायच्या आतच ती "च्" असं म्हणाली. तीनशे एकोणीस.

निकाल यायला अर्धा तास लागला. शहरातल्या त्या मुलाचे तीनशे बावीस. तिसऱ्या नंबराचे दोनशे चौसष्ट. सुप्रिया दुसरी, तीन दांडूंनी.

मगदूम सर फोन ठेवून खाली बसले. खिडकीतली पोरं एकेक करून खाली उतरली. मला वाटलं, आपण ह्या मुलीच्या हातातला घास काढून घेतला.

"सुप्रिया," मी म्हणालो, "मी त्या दिवशी काही बोललो नसतो तर तू पहिली राहिली असतीस. माझ्यामुळं तुझा नंबर गेला गं."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी साधी बेरीज चुकलोय.

"त्यो कुटं माजा हुता, सर? ह्यो माजा हाय." मग कॉम्प्युटरवर झाकण घालता घालता म्हणाली, "पुडच्या वर्साला त्या पोराला सोडत न्हाई."

पुढच्या वर्षी तिनं त्याला सोडलं नाही. एक्केचाळीस दांडूंनी हरवलं, त्याच कॉम्प्युटरवर बसून. त्या दिवशी मी कोल्हापुरात दुसऱ्याच कामात होतो आणि मधल्या वर्षात इंजिनाला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.